हात केला की थांबायचं

पुण्याच्या कुठल्याशा नव्या कंपनीनं ‘धुकंघाट’चा तिसरा भाग काढतोय म्हणून जाहीर केलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. जुनी कंपनी बंद पडली, ठीक हाय. पण म्हणून कुणीबी उठावं आणि आमच्या गेमला हात लावावा? ह्यांनी जन्मात कधी वडापच्या जीपमधी बूड तरी टेकलंय का?

गेम सोपा हाय. एक जीप, एक घाट, समोरचं दिसंना असलं धुकं. एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं शेजारी बसून वळणं सांगायची. कडेला उभी असलेली माणसं हात करत्यात, पण ती माणसं न्हाईत. नियम एकच, थांबायचं न्हाय. थांबलं की गेम संपला.

आणि माझा धाकटा भाऊ कामिल दरवेळी थांबायचा.

“अरे मुडद्या, ब्रेकवरचा पाय काढ की!” मी वरडायची.

“आपा, पॅसेंजर हाय ती. हात केला की थांबायचं.”

वडाप चालवायचा ना! कोल्हापूर-मलकापूर, शेअर जीप. गाडी कितीबी भरलेली असू दे, रस्त्यावरचा हात त्यानं कधी मागं टाकला न्हाय. पुढं बसलेल्यांना म्हणायचा, “सरका की जरा, एक जण बसतंय.” घरी पलंगावर गेम खेळतानाबी तसंच. गाडीतल्यासारखा तो उजवीकडं, मी डावीकडं. जीप थांबवली की मला कोपर मारून म्हणायचा, “सरक की जरा, आपा.” मी चिडायची, तो खदाखदा हसायचा.

दोन वर्षांमागं मलकापूरच्या अलीकडं, भर धुक्यात, त्यानं अशीच गाडी थांबवली. मागचं दार उघडायला खाली उतरला आणि ट्रकनं उडवला. गाडीतली माणसं नंतर घरी येऊन सांगत होती, “कडेला कोण नव्हतं ओ. आम्हाला तर कोण दिसलं न्हाय. पण त्यानं खिडकीतनं विचारलं खरं, कुठं जायचं पावणं?”

तवापासनं ‘मुडद्या’ ही शिवी माझ्या तोंडातनं गेली ती गेलीच.

मग त्या पुणेकरांनी दुसरी बातमी दिली. जुना सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, जोडा, तुमचा जोडीदार जशी गाडी चालवायचा तशीच नव्या भागात चालवील. माझा राग कुठल्या कुठं पळाला. शाहूपुरीत मोबाईलच्या दुकानात काउंटरवर उभी राहून दिवसभर मी तेच बघायची, आलं का, आलं का. मला बाकी काय नको होतं. एकदा त्याच्या शेजारी बसायचं होतं.

अम्मीला कळलं तशी ती म्हणाली, “गेलंय त्याला हाका मारू नको, फरहीन.”

“गेम हाय गं अम्मी!”

जुम्म्याच्या दुपारी डेमो आला. बाहेर कडक ऊन, अम्मी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. कामिल गेल्यापासनं मी पलंगावर मधोमध बसते, तशीच बसले.

जीप सुरू झाली. ड्रायव्हरचा चेहरा कुणा दुसऱ्याचाच. पण वळणाआधी दोनदा हॉर्न, उतारावर उगाच क्लच... अगं बाई, कामिलच की! मला रडू फुटलं.

धुक्यातनं एक हात वर आला. जीप थांबली. “थांबलास व्हय रे गाढवा!” मी रडता रडता हसले. पण गेम संपला न्हाय. ड्रायव्हरनं दार उघडलं आणि तो खाली उतरला.

“उतरू नको! कामिल, उतरू नको रे!”

मागनं उजेड वाढत आला. टीव्हीचा पडदा पांढराफेक झाला.

धुकं परत दिसलं तेव्हा स्टिअरिंग माझ्याकडं होतं आणि शेजारची सीट रिकामी होती. मी गाडी काढली. पुढच्या वळणावर परत कुणीतरी हात केला. दोन बोटं वर, मनगट गर्रकन फिरवलेलं. स्टँडवर पॅसेंजर बोलवताना कामिल तसाच हात करायचा.

नियम मला पाठ होता. तू थांबलास कशाला, म्हणून दोन वर्षं मी त्याच्यावर रागानं जळत होते. आणि त्याला तिथं धुक्यात सोडून पुढं जायचं? माझ्यानं न्हाय झालं. मी ब्रेक दाबला.

तो खिडकीशी आला. चेहरा दिसंना. टीव्हीचा आवाजच गेला. मी मोठ्यानं विचारलं, “कुठं जायचं, पावणं?”

उजव्या बरगडीत कोपर लागलं.

मी तिकडं बघितलं न्हाय. गपचूप डावीकडं, माझ्या जुन्या जागेवर सरकले. उजवीकडं पलंग करकरला आणि खाली दबला.

आत भांड्यांचा आवाज थांबला.

“फरहीन,” अम्मीनं हळूच विचारलं, “कामिल आला व्हय गं?”