कॉम्प्युटरला घास

जुने कॉम्प्युटर गोळा करणाऱ्या माणसाला आमच्या गावात, डिंगोऱ्यात, काय म्हणतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझी बायको सोनल त्यातल्या त्यात सभ्य. ती फक्त भंगारवाला म्हणते, तेही कांदे साठवायची अर्धी बराखी मी मॉनिटरांनी भरून टाकली म्हणून. मला राग येतो. भंगारवाला वस्तू मोडतो, मी त्या चालू करतो, एवढा साधा फरक लोकांच्या डोक्यात शिरत नाही.

म्हणून शिनोलीच्या आदेशचा फोन आला तेव्हा सोनलला न सांगताच मी गाडी काढली. तो म्हणाला, "भाऊ, आमच्या वडलांचा लई जुना कॉम्प्युटर पडून हाय. घराला रंग द्यायचाय, घिऊन जा." त्याने पाठवलेला फोटो पाहून माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. हार्ड डिस्कच नसलेलं, मोठ्या फ्लॉपीवर चालणारं मशीन, हिरव्या अक्षरांचा मॉनिटर, कीबोर्डची एकही कळ गेलेली नाही. असा नग मी कित्येक वर्षं शोधत होतो.

शिनोलीत पोचलो तर आदेश कामावर गेलेला. घरी त्याचे वडील धर्माजी आणि आई साळुबाई. याच मशीनवर धर्माजी पूर्वी घोडेगावच्या बाजारात पत्रिका काढून द्यायचे. जन्मवेळ सांगायची, मशीन थोडा वेळ कुरकुरायचं, की प्रिंटरमधून कुंडली बाहेर. गुण जुळवायला दोन्हीकडची मंडळी त्यांच्यापुढे बसून राहायची. त्या कमाईवर हे घर उभं राहिलं होतं.

मी केबल काढायला हात घातला, तशा साळुबाई आडव्या आल्या.

"थांबा, पावणं. आदी चालू करून दावा. चालू झालं तर हितंच ऱ्हाईल, आदेशला काय सांगायचं त्ये मी सांगन. न्हाईच झालं, तर खुशाल न्या."

"मावशी, मग मी एवढ्या लांबनं कशाला आलो?"

"त्ये तुमचं तुमी बगा. यानं आमच्या घराला घास दिला. जीव हाय तवर भाईर न्हाई काढायचं."

धर्माजी खाटेवर बसून बघत होते. मी चिडलो, पण मनात म्हटलं, इतकी वर्षं बंद असलेलं मशीन कसलं चालू होतंय. एवढा उपचार करू आणि गाडीत घालू.

साळुबाई चहा टाकायला आत गेल्या. मी झाकण उघडलं, धूळ झटकली, पॉवर सप्लाय तपासून बटण दाबलं. पंखा फिरला, मॉनिटर उजळला, पण फ्लॉपी काही वाचेना. ड्राइव्ह नुसता आचके देत होता. तो बाहेर काढून आत टॉर्च मारला आणि मी बघतच राहिलो. फ्लॉपी वाचणारं हेड जिथे मागेपुढे सरकतं, तिथे तांदूळ होते. चांगले चिमूटभर, कुंकू लावलेले. उंदराने नेले म्हणावं, तर उंदीर कुंकू लावत नाही.

मग लक्षात आलं. दसऱ्याला आमच्याकडे जातं पुजतात, तेव्हा त्याचं तोंड रिकामं ठेवत नाहीत, चार दाणे घालतात. साळुबाईंनी कॉम्प्युटरचंही तोंड शोधून काढलं होतं. फ्लॉपीची फट. बंद पडल्यावरही दर दसऱ्याला त्यांनी त्याला मायेने भरवलं होतं.

आता "गेलंय, मावशी" एवढंच म्हणायचं, की मशीन माझं. दुरुस्त करायचं, तर हात हलवत परत जायचं. आणि दाणे दाखवायचे, तर आपणच भरवून भरवून याला मारलं हे त्या बाईला कळणार. मी चिमटा हातात धरून तसाच बसलो.

"खिशात टाका," धर्माजी हळूच म्हणाले.

मी दचकलो. "काका, तुमाला ठावं व्हतं?"

"दसरा झाला, ती रानात गेली, का मीच काढायचो गुपचूप. मग हात थरथराया लागलं. इस्क्रू धरंना. बंद पडलं, पडू दिलं."

"पण मावशीला एकदा सांगायचं ना!"

"काय सांगू? तू घास घातला म्हणून आपला धंदा बसला? तसं बी लोकं मोबाईलवर पत्रिका बगाया लागली व्हती."

मशीन गाडीत घालायची घाई केल्याची मला लाज वाटली. मी एकेक दाणा वेचून शर्टाच्या खिशात टाकला, हेड स्पिरिटने पुसलं, सरकायच्या दांड्यांना तेलाचा थेंब दिला. फ्लॉपीवरची बुरशी पुसून ती आत सरकवली. ड्राइव्ह कुरकुरला आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

चहा घेऊन आलेल्या साळुबाई दारातच थांबल्या. धर्माजी खाटेवरून उठले, खुर्ची ओढून बसले आणि थरथरत्या बोटाने एकेक कळ शोधत त्यांनी आधी स्वतःची जन्मतारीख घातली, मग साळुबाईंची.

"अवो, आता कशाला? न्हाई जुळलं तर काय करताय या वयात?"

"साऱ्या तालुक्याचं जुळवलं," धर्माजी म्हणाले, "आपलंच बगायचं ऱ्हायलं व्हतं."

साळुबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग मला म्हणाल्या, "काय बिघडलं व्हतं वो?"

"धूळ, मावशी. लई धूळ."

त्यांनी घामाने भिजलेल्या माझ्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं आणि चहा पुढे केला. मी रिकामी गाडी घेऊन घरी आलो.

तेव्हापासून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी शिनोलीला जातो. साळुबाई रानात गेल्या की धर्माजींचा फोन येतो, "या." मी ड्राइव्ह उघडतो, दाणे काढतो, मग दुपारपर्यंत आम्ही दोघं मशीनपुढे बसून गावातल्या पोरांच्या पत्रिका काढत बसतो. सोनल म्हणते, भंगारवाला निदान काहीतरी घेऊन तरी येतो.

यंदा गेलो, तर धर्माजी मागच्या पडवीत हातपाय धूत होते. मी ड्राइव्ह उघडला. आत एकच दाणा. टॉर्च तिरपा धरून बाकीचे शोधायला लागलो.

"हुडकू नका. एकच घातलाय."

मागे साळुबाई उभ्या होत्या. माझ्या हातातला चिमटा हातातच राहिला.

"मावशी, तुमाला कवा कळलं?"

"पहिल्याच दिशी. कुकवाचा डाग पडला व्हता तुमच्या खिशाला."

"मग ह्यो एक तरी कशाला घातला?"

त्यांनी टेबलाकडे बोट दाखवलं. धुतलेल्या फडक्यावर स्क्रू ड्रायव्हर ओळीने मांडले होते, शेजारी तेलाची बाटली, कापूस, पुसून ठेवलेल्या फ्लॉप्या.

"उजाडल्यापास्नं त्यांचं ह्येच चाललंय. नवा सदरा घातलाय. दाणाच न्हाई घातला, तर तुमी कशाला येताल?" त्या दाराशी गेल्या आणि वळून म्हणाल्या, "मला कळलंय म्हणून त्यास्नी सांगू नका."

त्या बाहेर पडल्या. पडवीतून धर्माजींची पावलं ऐकू आली. मी तो दाणा खिशात टाकला आणि हाक मारली, "या काका लवकर, यंदा लई निगाल्यात."