मेरुदंड महाराज आणि कुंकवाची रेघ

"वाढली! वाढली!" माहीमच्या किनाऱ्यावर उजाडताच असा गलका उठला, की मला वाटलं, कुणाच्या जाळ्यात लाखमोलाचा घोळ मासा लागला. जाऊन बघते तर काय, मांडवाच्या खांबाला टेकून माझी नवसी आत्या उभी. डोकं काल संध्याकाळच्या कुंकवाच्या रेघेच्या करंगळीच्या जाडीइतकं वर! शेजारी काल आलेले, उंची वाढवून देणारे मेरुदंड महाराज दाढी कुरवाळतायत, आणि बोईसर, वाणगाव, मनोरहून आलेली माणसं त्यांच्या पायांवर लोळतायत.

"म्हातारपणी माणूस बुटका का होतो?" महाराज गरजले. "पाठीवर गेल्या जन्मीची सवत बसते! माझी कॉस्मिक विभूती तिला खाली उतरवते!" संध्याकाळी रेघ मारायची, रात्रभर विभूती फासून चटईवर उताणं झोपायचं, उठल्या उठल्या मोजायचं. सगळेच वाढत. पुरुषांच्या पाठीवरही सवतच बसते का, हे कुणी विचारलं नाही.

मला हसू येत होतं, तेवढ्यात महाराज आत्याकडे वळले.

"नवसी, त्या हाडांच्या गोळ्या समुद्रात टाक. आजपासून पाटी डोक्यावर!"

आत्याचे डोळे चमकले. गेल्या वर्षी ती नुसती ओट्यावर घसरली, तर मनगट मोडलं. डॉक्टरांनी तपासून बजावलं, हाडं ठिसूळ आहेत, ओझं उचललंत तर मणका दबेल. तेव्हापासून मासळीची पाटी सून नेते आणि आत्या घरात धुमसते.

"आत्या, नको गं! पाठ मोडेल."

"तू शालेत शिकव. माजी उंची वाढली, सगल्यांनी बघितली!"

मी विज्ञान शिकवते, हा आत्याच्या लेखी माझा दोषच. भांडून ती ऐकणारी नव्हती. मी सरळ महाराजांपुढे हात जोडले.

"महाराज, आमच्याकडे पाहुण्याला उपाशी सोडत नाहीत. जेवा, आराम करा. संध्याकाळी सगळ्यांना परत मोजू, आणखी वाढलेले असतील! आत्याही पाटी तेव्हाच उचलेल, सर्वांदेखत."

महाराजांचा चेहरा उतरला. "आम्हाला दुपारच्या आत निघावं लागतं. ग्रहयोग असतो."

"असं कसं? आणि तुमचीही रेघ मारू या, आठवण राहील!" लोकांनी टाळ्या पिटल्या. रेघ मारली गेली. आत्याचा मुलगा गोमा, होडी हाकणारा दांडगा तांडेल, महाराजांच्या जीपच्या दारालाच पाठ लावून बसला. महाराज जेवले. पापलेट दोनदा मागून घेतलं, खोटं का बोलू?

सूर्य कलला तशी मी आत्याला खांबाशी उभी केली. डोकं थेट कालच्या रेघेवर! सकाळी वाढलेले वाणगावचे सुजीतराव, तेही परत आपल्या कालच्या रेघेवर. मांडवात कुजबुज सुरू झाली.

"सवत परत बसली वाटतं," गोमा म्हणाला. "आता महाराजांच्या पाठीवर कोण हाय ते बघू!" महाराजही सकाळपेक्षा खाली आले होते. मांडव खदखदून हसला.

"अहो, मणक्यांमध्ये मऊ गाद्या असतात," मी म्हटलं. "दिवसभराच्या वजनानं त्या दबतात, रात्री आडवं झालं की पाणी शोषून फुगतात. सकाळी प्रत्येकच माणूस थोडा उंच असतो. महाराज पहिली रेघ संध्याकाळी मारतात आणि दुपारच्या आत पळतात. एवढीच विभूती!"

"मग फलीवरचा डबा माज्या हाताला का येत नाय?" आत्यानं विचारलं. "मी खरंच बुटकी झालेय."

"झालीयस गं. पण ते हाडांमुळे. पाळी गेली की बायकांची हाडं आतून विरळ होत जातात. तंबाखू-मिश्रीनं आणखीच. दुखत नाही म्हणून कळतही नाही, आणि एक दिवस साध्या घसरण्यानं मोडतात, मणके दबतात, पाठ वाकते. पुरुषांनो, हसू नका, उतारवयात तुमचीही गत तीच. उंची कमी झाली, पाठ वाकली, तर हाडांची तपासणी करा, गोळ्या घ्या, रोज चाला. सवत शोधत बसाल, तर तोवर हाड मोडेल."

आत्याचे डोळे भरले. "म्हंजे पाटी कायमची गेली?"

मी तिचा हात धरला. "डोक्यावरची गेली, आत्या. बाजार कुठे गेला? भाव तू कर, ओझं दुसरा उचलेल."

आत्यानं नाक पुसलं आणि महाराजांकडे वळली. "ओ मेरुदंड! तुमची हाडं तर लय मजबूत. ही सुक्या बोंबलांची पाटी घ्या डोक्यावर, बाजाराच्या टेम्पोपर्यंत!"

महाराजांनी गोमाकडे पाहिलं आणि निमूट पाटी उचलली. आत्या मागून ओरडत होती, "ताठ चाला, महाराज! वाकायचं नाय!"