चवीपुरती साखर

गारखेड्याच्या कॉलनीत राहायला आल्यापासून सरूबाईंच्या घरातली साखर लाजरी झाली होती. गावी, बिडकीनला, तिचा डबा चुलीशेजारी पाटलिणीसारखा ऐसपैस बसायचा. इथं तो वरच्या फळीवर, ओट्सच्या मागं तोंड लपवून. कॉलनीत गोड खाणं म्हणजे गावंढळपणा. ज्याच्या चहात साखर कमी, त्याची इज्जत जास्त.

त्यात त्यांच्या धन्याला, बद्रीनाथरावांना, मधुमेह निघाला आणि सून श्रेयाच्या हाती राज्यच आलं. सणाला एखादा गोड घास चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या घासाचीही श्रेयानं मोबाइलवर चौकशी केली.

दिवाळी आली. घरचा जिन्नस घेऊन भट्टीवर जायचं आणि समोर बसून नानकटाई भाजून आणायची, ही सरूबाईंची जुनी रीत. त्यांची नानकटाई ओठांत धरली की वाळूच्या घरासारखी ढासळायची. बिडकीनमध्ये अजून तिची आठवण निघे. यंदा श्रेयानं मोबाइलवरची कृती काढली. तिच्यात लिहिलं होतं, साखर चवीनुसार.

"कुनाच्या चवीनुसार गं?" सरूबाईंनी विचारलं.

"आपल्या सगळ्यांच्या, आई," म्हणत श्रेयानं स्वतःच्या चवीनं साखर निम्मी केली. वर पाडव्याच्या फराळाला कॉलनीतल्या बायकांना आवतणही देऊन टाकलं: कमी साखरेची नानकटाई, खास आमच्याकडं.

सरूबाईंना दिसायला लागलं: जन्माचं नाव भट्टीच्या एका पत्र्यावर करपणार. शहागंजात शफीभाईंच्या भट्टीवर त्यांनी मैदा, तूप, पिठीसाखर पुढं ठेवली. शफीभाईंनी साखरेची पुडी तळहातावर उडवून पाहिली.

"मावशी, ये शक्कर क्या मैदेकू टिकली लगाने लाए?"

सरूबाई उठल्या. शेजारच्या दुकानातून पिठीसाखर घेतली, होती तेवढी मैद्यात ओतली, आणि घरी यातलं काही कळू देऊ नका म्हणाल्या. शफीभाई हसले. तुमच्या कॉलनीच्या सगळ्याच बाया जाताना हेच सांगून जातात, म्हणाले.

पाडव्याला बायका जमल्या. पहिली नानकटाई त्यांनी बेतानं उचलली, पुढं बेत राहिलाच नाही. साखर कमी असून इतकी गोडी कुठून आली, यावर चर्चा झाली. हा मैद्याचा नैसर्गिक गोडवा, असं एकीनं ठरवलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. श्रेया झेंडूसारखी फुलली. सरूबाई दाराआड उभ्या राहून आपलं कौतुक दुसऱ्याच्या नावानं ऐकत होत्या, तरी तेही गोडच लागत होतं.

तेवढ्यात श्रेयानं कोपऱ्यात बसून पहिली खाणाऱ्या बद्रीनाथरावांच्या ताटलीत आणखी दोन ठेवल्या. "घ्या बाबा, कमी साखरेच्या आहेत."

सरूबाई दाराआडून बाहेर आल्या. सकाळीच त्यांनी धन्याला ओवाळून आयुष्य मागितलं होतं. बोलावं, तर सुनेची चारचौघींत शोभा आणि आपलं भट्टीवर जाणं कायमचं बंद. न बोलावं, तर ती साखर त्यांच्या रक्तात. बद्रीनाथरावांचा हात दुसऱ्या नानकटाईकडं निघाला, तशी सरूबाईंनी पुढं होऊन ताटली उचलली.

"एक बास. तूप लई हाय त्यात."

बद्रीनाथरावांनी बायकोकडं पाहिलं. पहिली नानकटाई अजून त्यांच्या जिभेवर ढासळत होती. इतक्या वर्षांची ओळख. जिभेला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी मिशीवरचा भुगा पुसला.

"श्रेया पोरी, बेस झाली. पुढल्या साली साखर अजून कमी कर," ते म्हणाले. "भट्टीवर मात्र हिलाच धाड."