डालग्याखालची पिल्लं

तिन ह्ला मावशीने अंगणात कोंबडीच्या पिल्लांवर डालगं पालथं घातलं आणि वरून जुनी लुंगी टाकली. तरी चिवचिव थांबेना.

"मावशी, रस्सा करपेल बघ," कुंपणापलीकडून शेजारचा पॉक म्हणाला. सकाळी कोंबडी त्यानेच कापून दिली होती. "एरवी मुंगीलासुद्धा वाट देतेस. आज पाप माझ्या गळ्यात घातलंस, तर पुण्य तरी अर्धं दे."

"हळू बोल, मेल्या. भंते येतील एवढ्यात."

भंते म्हणजे तिचाच मुलगा, सोभित. त्याने भिक्षूचं चीवर घेतल्यापासून ती त्याच्यापुढे गुडघे टेकायची आणि तो तिला आई न म्हणता उपासिका म्हणायचा. नुकताच हिवतापातून उठला होता, गळ्याची हाडं वर आली होती, आणि उद्याच पावसाळाभरच्या वर्षावासासाठी लांब डोंगरातल्या विहारात निघणार होता. तिथे कोण त्याच्या जेवणाकडे बघणार?

भिक्षूसाठी म्हणून मारलेलं भिक्षूला चालत नाही. तशी नुसती शंका आली तरी ताट बाजूला सारायचं, हा नियम. तिन ह्लाने त्यातून वाट काढली होती. त्याला कळलं नाही, तर त्याला दोष नाही. जो काय दोष लागेल तो आपल्या माथी, आणि आईच्या माथी एवढं खपून जातं.

तो आला, पायऱ्या चढून चटईवर बसला. तिने भात वाढला, रस्सा वाढला. वाफेबरोबर आल्याचा आणि कोंबडीचा वास आला तसा त्याचा हात थांबला.

"उपासिका, हे कुठून आणलं?"

"बाजारातून, भंते."

त्याने मान हलवली आणि जेवायला लागला. लहानपणी चोखायचा तसंच हाड चोखलं. तिन ह्ला पंख्याने माश्या वारत त्याच्याकडे बघत राहिली. कितीतरी महिन्यांनी तिला बरं वाटलं होतं.

जेवण झाल्यावर रिवाजाप्रमाणे तिने हात जोडून पंचशील मागितलं. तो एकेक शील सांगत होता, ती मागून म्हणत होती. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं.

"मुसावादा वेरमणी..."

तिचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. त्याने ते शील पुन्हा म्हटलं. अंगणातली चिवचिव घरभर ऐकू येत होती.

"बाजारातली नव्हती, भंते," ती शेवटी म्हणाली.

"माहीत आहे."

तिने मान वर केली.

"मी अंगणात आलो तेव्हापासून पिल्लं ओरडताहेत. त्यांची आई कुठेच दिसली नाही."

"मग खाल्लंत कशाला?"

त्याने रिकाम्या ताटाकडे पाहिलं.

"तू समोर बसून बघत होतीस."

इतक्या वर्षांत त्याने तिला तू म्हटलं नव्हतं. एरवी ती हरखली असती. आता तिला त्याच्याकडे बघवेना.

"पण दोष मी घेतला होता," ती पुटपुटली. "सगळा मीच घेतला होता."

"संध्याकाळी मला थोरल्या भंतेंपुढे बसून माझा हा दोष सांगावा लागेल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

मग त्याने चीवर सारखं केलं आणि पाठ ताठ केली.

"म्हणा, उपासिका. पहिल्यापासून."

पहिलं शील जीव न मारण्याचं होतं. ते मघाशी तिने घडाघडा म्हटलं होतं.