बाहेरची टाकी

पाटणकरांच्या घरात नवा मासा थेट मोठ्या टाकीत कधीच जात नसे. आधी तो गॅलरीतल्या छोट्या टाकीत महिना-दीड महिना एकटा राहायचा. तिला घरात 'बाहेरची टाकी' म्हणत. अनिरुद्ध पाटणकरांची सगळी नोकरी भोसरीच्या एका पंपांच्या कारखान्यात आवक माल तपासण्यात गेली होती. बाहेरून आलेला माल पास झाल्याशिवाय स्टोअरच्या आत घ्यायचा नाही, हा तिथला नियम त्यांनी खाऱ्या पाण्यातल्या माशांनाही लावला होता. "दिसायला सगळाच माल चांगला असतो," असं ते म्हणायचे. त्यावर हेमाताई म्हणायच्या, "मला बघायला आलात, तेव्हाही मनात हेच चाललेलं असणार."

गेल्या वर्षी पाटणकरांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून सदाशिव पेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते मोठ्या टाकीसमोर खुर्चीत बसून असत. सकाळी हेमाताई फ्रीजरमधून, मटारांच्या पिशवीमागून, गोठवलेल्या कोळंबीचा तुकडा काढत. सात पिढ्यांत घरात कुणी मासळीला शिवलं नव्हतं, पण या कोळंबीची आता सवय झाली होती. पाटणकर डाव्या हाताच्या चिमटीत तो तुकडा धरून पाण्यात सोडत आणि समुद्रफूल नावाच्या जीवाच्या झुलत्या बोटांमधून नारिंगी क्लाउनफिश बाहेर येई. मुलीच्या, उत्कर्षाच्या लग्नाच्या वर्षी आणलेला हा मासा. त्याला खाऊ घालणं एवढी एकच गोष्ट पाटणकर स्वतःहून करत. त्यानंतरच ते स्वतः खायला तोंड उघडत.

त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला हेमाताईंनी निळा मासा आणला. दुकानदार ऋषी पाटणकरांना वर्षानुवर्षं ओळखत होता. पिशवीला गाठ मारताना तो म्हणाला, "काकू, आधी वेगळा ठेवायचाय हं."

"मला सांगतोस? इन्स्पेक्टरच्या घरात नांदतेय मी."

वेगळा ठेवायचं त्यांच्या मनात होतंच. पण बाहेरची टाकी झटक्यानंतर कोरडी करून माळ्यावर टाकली होती, आणि घरी पोचल्या तर बाणेरहून उत्कर्षा मुलांना घेऊन आलेली. तबकात निरांजन लावून झालेलं, पाटणकरांना नवा सदरा घातलेला. नातवंडांनी पिशवी पाहून गलका केला. औक्षण झालं आणि सगळे हेमाताईंच्या हाताकडे बघू लागले. वाढदिवसाची भेट माळ्यावरची टाकी उतरेपर्यंत झाकून कशी ठेवायची? त्यांनी पाटणकरांच्या डोळ्यांसमोर मासा मोठ्या टाकीत सोडला.

पाटणकरांनी डाव्या हाताची मूठ खुर्चीच्या हातावर आपटली. एकदा, दोनदा, तीनदा.

"आई, बघ ना, बाबा किती खूश झालेत!" उत्कर्षा मोबाइलवर चित्रण करत म्हणाली. हेमाताईंचे डोळे भरून आले.

थोड्याच दिवसांत निळा मासा खडकाला अंग घासू लागला. मग त्याच्या अंगावर पांढरे कण दिसले. हेमाताईंनी ऋषीला फोन लावला.

"रवा शिंपडल्यासारखं दिसतंय?" त्याने विचारलं.

"हो."

"क्लाउनवर?"

"शेपटीवर एक-दोन आहेत."

"बाहेरच्या टाकीत ठेवला होतात ना, काकू?"

हेमाताईंची नजर माळ्याकडे गेली.

"बरं. हा परजीवी आहे. अंगावरचे दाणे गळून पडतील आणि तुम्हाला वाटेल, बरं झालं. पण ते वाळूत जातात, तिथे एकाचे शंभर होतात आणि परत माशाला धरतात. तांब्याचं औषध आहे, पण मोठ्या टाकीत एक थेंबही घालू नका. समुद्रफूल मरेल. शिवाय खडक तांबं पिऊन बसतील. मासे बाहेर काढायचे, औषध बाहेर द्यायचं आणि टाकी अडीच महिने माशांशिवाय ठेवायची. धरायला मासाच मिळाला नाही, की ते उपाशी मरतात."

"अडीच महिने यांनी बघायचं काय?"

"खडक," ऋषी म्हणाला.

मासे पकडायचे तर ते खडक उचलावे लागणार होते. पाटणकरांनी एकेक दगड फिरवून, पुन्हा फिरवून तो डोंगर रचला होता. हेमाताईंचा हात होईना. त्यांनी कोळंबीला लसणाचा रस लावून पाहिला. कण खरंच गळले. दोन दिवस त्यांना हायसं वाटलं. मग ते परत आले, दाट होऊन. निळा मासा एका सकाळी तळाशी आडवा दिसला. मागोमाग टाकीतला जुना पिवळा मासाही गेला.

कचरा न्यायला येणाऱ्या मालनबाईंनी पुडी उघडून पाहिली. "काकू, मासळी? तुमच्याकडं? आनि न खाताच टाकली व्हय?"

"आजारी होती."

"मग ओल्यात टाकू का सुक्यात?"

"ओल्यात टाका, मालनबाई," हेमाताई म्हणाल्या आणि दार लावून तिथेच उभ्या राहिल्या.

त्या शनिवारी उत्कर्षाने बाह्या वर करून खडक बाहेर काढले. प्रत्येक दगड बादलीत ठेवताना पाटणकरांची नजर त्याच्यामागे जाई. क्लाउन समुद्रफूल सोडायला तयार नव्हता. जाळीत आल्यावरही तो त्याच दिशेला धडका देत राहिला. माळ्यावरून उतरवलेल्या बाहेरच्या टाकीचे सांधे वाळून गळत होते, म्हणून त्याला निळ्या प्लास्टिकच्या बिनभोकांच्या क्रेटमध्ये, गॅलरीत ठेवलं. लपायला प्लंबरकडचा पाइपाचा तुकडा दिला. खडक परत रचले, पण पहिल्यासारखे काही बसले नाहीत.

मग रोजचं काम सुरू झालं. मीठ कालवून पाणी करायचं, बादल्या उचलायच्या, काचेच्या नळीत थेंब टाकून तांब्याचा रंग पट्टीशी जुळवायचा. तांबं कमी पडलं तर परजीवी जगणार, जास्त झालं तर मासा मरणार. हेमाताईंचं चुकलं नाही. पंधरवड्यात मासा स्वच्छ झाला, खाऊ लागला.

पाटणकर मात्र खाईनात. हेमाताईंनी एकदा क्रेट त्यांच्या खुर्चीपाशी आणून ठेवला. वरून फक्त पाइप दिसत होता. पाटणकरांनी एकदा खाली पाहिलं आणि तोंड पुन्हा काचेकडे फिरवलं. सकाळी त्यांचा डावा हात मांडीवर पडून राही. भाताचे घास गालातच राहू लागले. गळ्याखालची हाडं वर आली. तपासायला आलेले डॉक्टर जिन्यात हेमाताईंना म्हणाले, "असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. पुढच्या आठवड्यात ठरवू."

हेमाताईंनी ऋषीला फोन केला. "महिना झाला रे. मासा अगदी ठणठणीत आहे. सोडू का टाकीत?"

"मासा तुमचा, टाकी तुमची. मला कशाला विचारता?" तो म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "नका सोडू, काकू. मासा बरा झालाय. टाकी नाही झालेली."

त्यांनी फोन ठेवला. बुधवारी सकाळी खालच्या गल्लीत क्लासच्या मुलांच्या स्कूटर लागत होत्या. हेमाताईंनी मासा पाण्याच्या पारदर्शक जगमध्ये घेतला आणि पाटणकरांसमोर आल्या. परजीवी पुन्हा धरेल, कदाचित नाहीही धरणार. धरलं तर मासा जाईल. नाही सोडला तर हे जातील. हिशेब त्यांच्यापुरता झाला होता.

"अहो, बघा कोण आलंय."

पाटणकरांनी मान वळवली. जगमधल्या नारिंगी रंगावर त्यांची नजर स्थिरावली आणि महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ओठाचा डावा कोपरा वर गेला. हेमाताईंनी टाकीचं झाकण उचललं आणि जग पाण्यापाशी नेला.

खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. एकदा, दोनदा, तीनदा.

हेमाताईंचा हात थांबला. पाटणकरांचा चेहरा आता आवळला होता. मूठ उघडून त्यांनी तो हात गॅलरीच्या दिशेने केला आणि दमून खाली टाकला.

जगमध्ये मासा गोल फिरत होता. वाढदिवसाच्या दिवशीचा तो आवाज, नातवंडांचा गलका, आपले भरून आलेले डोळे, सगळं हेमाताईंना एकदम आठवलं.

"तेव्हाही हेच सांगत होतात?" त्यांनी विचारलं.

पाटणकरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मूठ उचलली नाही, मानही हलवली नाही.

हेमाताईंनी झाकण लावलं. मासा परत क्रेटमध्ये सोडला. तो सरळ पाइपात शिरला. उत्कर्षाच्या मोबाइलमध्ये वाढदिवसाचं ते चित्रण होतं. ते पुन्हा पाहायची गरज त्यांना वाटली नाही.

स्वयंपाकघरातून त्या मऊ भात कालवून घेऊन आल्या. पाटणकरांनी दोन घास घेतले. तिसऱ्याला तोंड मिटलं. हेमाताईंनी आग्रह केला नाही. त्यांनी वाटी खाली ठेवली, टाकीचा दिवा लावला आणि स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. वाकडे बसलेले खडक उजळले. दिव्याबरोबर समुद्रफूल हळूहळू उमललं, त्याची बोटं पाण्यात झुलू लागली. त्यांच्यात कुणी नव्हतं. दोघं तिकडेच बघत बसले.