माझ्या पाठीवरची चिठ्ठी

मित्रांनो, आधी माझी पाठ पाहा. तिथे एक चौकोनी पांढुरकी खूण दिसते ना? त्या जागी बावीस वर्षे एक चिठ्ठी चिकटलेली होती. तिच्यावर लाल पेनाने ‘खराब’ असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. मी एक जुनी व्हिडिओ गेमची कॅसेट आहे, कुस्तीच्या गेमची. मी खराब नव्हते. ज्याने ते लिहिले त्यालाही हे पक्के ठाऊक होते, म्हणूनच मी त्याच्यावर डूख धरला.

माझा जन्म कारखान्यात झाला. पिवळ्या कवचात एक हिरवी पट्टी बसवली, तिच्या कडेला सोनेरी दातांची रांग दिली आणि माझ्या पोटात सोळा पहिलवान कोंबले. दुकानातून मी एका भावा-बहिणीच्या घरी आले. भावाला सगळे दादा म्हणत आणि बहिणीला धाकटी. तेव्हा दर रविवारी दुपारी टीव्हीवर कुस्ती लागे. काय ते दिवस होते! घंटा वाजली की दोघे सोफ्याच्या पाठीवरून गादीवर उड्या घेत, उशांना चीतपट करत, आणि आतून बाबा ओरडत, “सोफा मोडलात तर जन्मभर जमिनीवर बसाल!”

टीव्हीवरची कुस्ती संपली की माझी पाळी येई. मला व्हिडिओ गेमच्या यंत्रात खोचण्याआधी दादा माझ्या दातांत जोरात फुंकर मारी. तेव्हा सगळीच मुले असे करत. गेम सुरू झाला की त्यांना वाटे, फुंकरीनेच झाला. खरे तर त्या ओलसर फुंकरीने माझे दात काळे पडत होते.

खेळात दादा नेहमी मुखवट्या घेई. मुखवट्या उंच आणि चपळ होता. धाकटीला दादा मुद्दाम ढोल्या देई, ज्याला पडल्यावर उठायलाच चार सेकंद लागत. रिमोटही तिच्या वाट्याला दुसरा येई, लाथेचे बटण रुतणारा. चॉकलेटच्या चंदेरी कागदाने मढवलेला पुठ्ठ्याचा चॅम्पियनचा पट्टा मात्र कायम दादाच्या कमरेला असे.

पण धाकटी भारी चिवट होती. लाथेचा नाद सोडून ती नुसत्या पकडींवर खेळायला शिकली. एका रविवारी शेजारपाजारची सगळी मुले जमलेली असताना तिच्या ढोल्याने मुखवट्याला आडवे केले आणि त्याच्या छातीवर बसकण मारली. पंच मोजू लागला. एक. दोन. तेवढ्यात दादाच्या पायाचा अंगठा हळूच पुढे सरकला आणि त्याने व्हिडिओ गेमचे लाल बटण दाबले. पडदा काळा झाला.

“कॅसेट बंद पडली!” दादा म्हणाला.

“तूच पाडलीस! तुझा पाय होता तिथे!”

“काहीतरीच काय! ही कॅसेटच खराब आहे.”

मुले धाकटीला ‘रडूबाई’ म्हणून चिडवत निघून गेली. दादाने सगळे खापर माझ्यावर फोडले. वर पुरावा म्हणून ती चिठ्ठी माझ्या पाठीवर चिकटवली आणि मला गंजक्या खिळ्यांच्या डब्यात टाकले. त्या डब्यात मला दुसरे कामच नव्हते. मी रोज तो अंगठा आठवत असे.

दादा मोठा झाला, ऑफिसात साहेब झाला आणि त्याला जुन्या गेमचा शौक लागला. त्याने हॉलमध्ये काचेचे कपाट केले. मला डब्यातून काढून, पाठ भिंतीकडे करून तिथे उभे केले आणि शेजारी तो पट्टा मांडला. पाहुणे आले की तो शेखी मिरवी, “मी एकदाही हरलो नाही. ही बिचारी बंद पडली, नाहीतर आजही कुणालाही लोळवलं असतं.” बिचारी! मित्रांनो, त्या शब्दाने माझ्या अंगाचा तिळपापड होई.

एकदा तो हे धाकटीसमोरच बोलला. धाकटी आता दातांची डॉक्टर झाली होती.

“बंद पडली की पाडलीस, दादा?”

“तू अजून तेच धरून बसलीस?”

“हो, बसलेय. रविवारी पुन्हा खेळू. हरलास तर पट्टा माझा, आणि तेव्हा काय केलंस ते सगळ्यांसमोर सांगायचं.”

“ती चालली तर ना! घेऊन जा, बघ.” दादा पोट धरून हसला.

धाकटीने मला दवाखान्यात नेले. दिव्याखाली धरून आधी खोडरबराने आणि मग स्पिरिटच्या बोळ्याने माझा एकेक दात घासला. “आळ तुझ्यावर आला आणि माझ्यावरही,” ती पुटपुटली. मला ना हात ना पाय. सूड घ्यायचा तर एकच वाट होती. रविवारी एकदाही अडखळायचे नाही.

रविवारी आई, बाबा आणि वहिनी समोर बसले. धाकटीने हट्टाने तोच दुसरा रिमोट घेतला आणि ढोल्यालाच निवडले. कोणी फुंकर मारली नाही. पहिल्याच झटक्यात मी घंटा वाजवली, तेव्हा दादाचे तोंड पाहण्यासारखे झाले. मुखवट्याने लाथांचा सपाटा लावला. ढोल्याने मार खाल्ला, खाल्ला आणि एक लाथ हवेतच पकडली. मुखवट्या आडवा झाला. एक. दोन.

“अहो, पाय आवरा,” वहिनी म्हणाली. धाकटीने तिला आधीच सांगून ठेवले होते.

तीन.

“कॅसेट...” दादाने तोंड उघडले. मी तर चालूच होते. पडद्यावर ढोल्या हात वर करून नाचत होता.

“बोल की. काय झालं कॅसेटला?” बाबांनी विचारले.

“काही नाही, बाबा. तिला काहीच झालं नव्हतं. तेव्हा मीच बटण दाबलं होतं.”

“आणि आम्ही पोरीलाच रडकी म्हणत आलो,” आई म्हणाली.

धाकटीने पट्टा कमरेला बांधला आणि मला दादापुढे धरले. दादाने नखाने खरवडून ती चिठ्ठी काढली आणि टेबलावर टाकली; धाकटीने ती हळूच उचलली. “छान खेळलास हो,” म्हणत धाकटीने त्याच्या पाठीवर थाप मारली. थापेबरोबर तीच चिठ्ठी नव्या चिकटपट्टीने त्याच्या शर्टावर बसली.

मित्रांनो, जुन्या वस्तू कोरड्या जपा, त्यांच्यात फुंकर मारू नका, आणि हरलात तर हरलो म्हणा. आम्हाला बोलता येत नाही, पण आम्ही विसरत नाही. त्या दुपारी दादा सगळ्यांना निरोप द्यायला फाटकापर्यंत गेला, शेजाऱ्यांशी गप्पा मारून परत आला आणि मला कपाटात ठेवून वळला. तेव्हा मी त्याच्या पाठीवर वाचले, ‘खराब’. खाली दोन रेघाही होत्या. त्याला कोणीच काही सांगितले नव्हते. मला बोलता आले असते, तरी मीही सांगितले नसते.