आधी संत, मग किल्ला

तर झालं काय, त्या दिवशी पोर्त्सियाकडे इटलीच्या उत्तरेतल्या बेर्गामोहून लोरिसचे आईबाबा यायचे होते. पहिल्यांदाच. आणि लोरिसची आई म्हणजे अशी बाई की तिनं एकदा नाक मुरडलं की विषय संपला. लोरिसला आधी आवडलेल्या मुलीच्या वेळी हेच झालं होतं. पोर्त्सिया आणि लोरिसचं लग्न होणार की नाही, ते आज जेवणाच्या टेबलावर ठरणार होतं!

त्यात लोरिस स्वतः गायब. अल्बानियाच्या बोटीवर त्याची ड्युटी, बोटीला उशीर, भर समुद्रात फोनही लागेना. पोर्त्सियानं त्याच्या आईबाबांना पाहिलेलं एका फोटोत, तेही बर्फात, डोक्यावर हेल्मेट आणि डोळ्यांवर हे एवढाले गॉगल.

बोलावलं होतं दुपारी एकला. आता इथे दक्षिणेत, बारीच्या जुन्या गावात एक म्हणजे दोन, हे शेंबड्या पोरालाही कळतं. एकला कुणी आलं तर घरातली बाई कपाळावर हात मारते. त्यामुळे एकच्या ठोक्याला पोर्त्सियाच्या केसांत अजून क्लिपा होत्या, तिएल्ला ओव्हनमध्ये होती, तांदूळ-बटाटा-शिंपल्यांचा वास गल्लीभर सुटलेला. आई दाराबाहेर टेबल टाकून ओरेकिएत्ते पास्ता वळत बसलेली, अंगठ्यानं पिठाची एकेक कानाएवढी वाटी.

आणि दारात दोघं उभी. टोप्या, सॅन्डल, गळ्यात कॅमेरा.

रोजचंच! आमच्या गल्लीत घर रस्त्यावरच उघडतं ना, मग टुरिस्टांना वाटतं हेही बघायचंच ठिकाण. परवा एकजण थेट आजोबांच्या पलंगावर टेकला होता.

"आम्ही..." त्या काकांनी तोंड उघडलं.

"हो हो, माहितीये!" पोर्त्सिया हात नाचवत बाहेर आली. "हे घर आहे काका, म्युझियम नाही. असं करा, आधी संत निकोलाचं देऊळ, डावीकडे, खाली तळघरात उतरा, तिथं त्यांची समाधी आहे, तिच्यापुढे डोकं टेकवल्याशिवाय बारी बघितलं म्हणूच नका. मग कॅथीड्रल. मग किल्ला. मग समुद्राकडच्या तटबंदीवरून एक चक्कर. सगळं बघा हं, काही सोडू नका!"

"सगळं?" त्या काकूंनी विचारलं.

"सगळं!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. काका हळूच म्हणाले, "चल गं. इथली पद्धत असेल." आणि गेली की निमूट!

पोर्त्सियाला ते वाक्य जरा विचित्र वाटलं, पण तेवढ्यात ओव्हन आठवला.

दोनला अगदी बरोबर दुसरं जोडपं आलं. इस्त्रीचे कपडे, हातात मिठाईचा खोका. पोर्त्सियानं काही विचारलंच नाही, काकूंना मिठी मारली, दोघांना हाताला धरून आत नेलं. ती दोघं आधी गोंधळली, मग इतकी खूश झाली की विचारू नका. जेवायला लागली ती थांबेचनात. पण बोलणं म्हणजे एकच शब्द, "सुंदर!"

"उत्तरेकडची माणसं अशीच, मोजकं बोलतात," आई कानात कुजबुजली. मग मोठ्यानं, "लोरिस लहानपणी कसा होता हो?"

"सुंदर!"

"मग लग्नाला तुमची हरकत नाही ना?"

काकूंनी मान जोरजोरात हलवली. "सुंदर, सुंदर!"

पोर्त्सियाच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढं सोपं होतं? शेजारच्या पास्का काकूंनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. तिएल्लाचं भांडं चाटूनपुसून साफ.

आणि लोरिस धापा टाकत आला. पाहुण्यांशी हात मिळवला, हसला. "नमस्कार. आपण?"

"अरे असं काय करतोस?" पोर्त्सिया म्हणाली. "आईबाबा तुझे!"

"माझे? हे कोण आहेत? माझे आईबाबा कुठे आहेत?"

त्यानं फोन लावला. पलीकडून आईचा आवाज आख्ख्या खोलीला ऐकू आला. "आम्ही तटबंदीवर आहोत रे! किल्ला झाला. एवढं संपवलं की येतोच."

पोर्त्सिया मटकन खुर्चीवर बसली. टोप्या. सॅन्डल. कॅमेरा. अरे देवा. म्हणजे खरे टुरिस्ट हे, एकच शब्द येणारे!

लोरिसचे आईबाबा आले ते उन्हानं लालबुंद, पाय ओढत. पास्का काकू खिडकीतूनच ओरडल्या, "या या विहीणबाई! आमच्याकडे रीतच आहे, व्याह्यांनी आधी गाव बघायचं!" आणि पोर्त्सियाला डोळा मारला, म्हणजे तू गप्प राहा.

पण पोर्त्सियाला काही गप्प राहवेना. ती लोरिसच्या आईकडे वळली. "नाही हो काकू. रीतबीत काही नाही. तुम्ही एकला म्हणजे एकलाच आलात! आमच्याकडे असं कुणी येतच नाही. मला वाटलं टुरिस्ट. मीच तुम्हाला दारातून हाकललं."

लोरिसनं डोळेच मिटले.

लोरिसच्या आईनं, म्हणजे ओरनेला काकूंनी, नवऱ्याकडे बघितलं, मग पोर्त्सियाकडे, मग टेबलाशी बसलेल्या त्या अनोळखी दोघांकडे. "म्हणजे... ही पद्धत नव्हती?"

"नव्हती."

"मग मी तळघरात जे केलं त्याचं काय?" त्या पार गोंधळल्या. "मला वाटलं, डोकं टेकवायचं म्हणजे लग्नाला हो म्हणायचं असणार. पोरगी पाठवतेय तर तेवढ्यासाठीच पाठवतेय. मी मेणबत्ती लावली, संताला म्हटलं, दिली परवानगी. खरं तर मी नाही म्हणायला आले होते!"

"आई!" लोरिस ओरडला.

"अरे, तिला नीट बघितलंसुद्धा नव्हतं मी! इजिदोरो, दिलेला शब्द मागे घेता येतो का हो?"

इजिदोरो काका खुर्ची ओढून बसले आणि सॅन्डल काढायला लागले. "माणसाला दिलेला येईल. संताला दिलेला कसा घेणार बाई?"

काकूंनी थोडा विचार केला. मग पोर्त्सियाच्या केसांत राहिलेली एक क्लिप काढून तिच्या हातात ठेवली.

"ठीक आहे मग. जेवायला काय आहे?"

पोर्त्सियानं आईकडे बघितलं. आईनं रिकाम्या भांड्याकडे बघितलं, आणि धावत बाहेर जाऊन टेबलावरचे ओरेकिएत्ते ओंजळीनं गोळा करायला लागली.